साखळीची टकटक

मी पोटासाठी समुद्र ऐकते. दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं की तुम्ही नक्की करता काय, तर मी हेच उत्तर देते आणि समोरच्या बाईचा चेहरा बघत बसते. नवरा देराच्या एका ट्रेडिंग ऑफिसात आहे, ते सगळ्यांना लगेच कळतं. माझं काम समजावायला दहा मिनिटं लागतात. पाण्यात सोडायचा एक मायक्रोफोन असतो, त्याला हायड्रोफोन म्हणतात. तो चोवीस तास रेकॉर्ड करतो आणि आम्ही कॉम्प्युटरसमोर बसून त्यातले आवाज वेगळे काढतो, म्हणजे जहाज कुठलं, डॉल्फिन कुठला, लाट कुठली. समुद्राखाली शांतता असते असं लोकांना वाटतं. तिथे कोळंबीच्या जातीचे बारके जीव नांग्या वाजवत असतात आणि तो आवाज तेलात मोहरी तडतडावी तसा अखंड चालू असतो.

ज्या प्रोजेक्टबद्दल मी सांगते आहे तो लाटांपासून वीज काढण्याचा होता. दुबईच्या बाजूचा समुद्र त्या कामाचा नाही, उथळ आणि आळशी. म्हणून आमचा बोया डोंगर ओलांडून फुजैराच्या बाजूला टाकला होता. पाण्यावर तरंगणारा, पिवळाधमक, एका लहान खोलीएवढा. तो लाटेबरोबर वरखाली व्हायचा आणि त्या हालचालीवर आतलं यंत्र थोडीशी वीज करायचं. थोडीशीच. मुलगी म्हणायची, "मम्मा, इट कान्ट इव्हन चार्ज अ स्कूटर," आणि तिचं फारसं चुकत नसे. तळाशी काँक्रीटचे ठोकळे होते, त्यांना बोया साखळीने बांधलेला. साखळीचे तुकडे एकमेकांना ज्या लोखंडी कड्यांनी जोडतात त्यांना शॅकल म्हणतात. माझा हायड्रोफोन बोयाच्या पोटाखाली लटकायचा. यंत्राच्या आवाजाने डॉल्फिन तो भाग सोडून जातात का, एवढं शोधण्याचं काम माझ्याकडे होतं.

साखळी, शॅकल, दोर आणि बोट हे सगळं काकांचं खातं. काका म्हणजे आमचे रिगर. देवगडकडचे, साठीला टेकलेले, पंचवीस वर्षं आखातात आणि त्यातली बरीचशी देरातल्या एका खोलीत पाचजणांबरोबर काढलेली. मी त्यांना काका म्हणायची आणि ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असून मला मॅडम म्हणायचे. किती वेळा सांगितलं, पण त्यांनी ते सोडलं नाही. माझ्याशी बोलताना शहरी मराठी वापरायचे, काळजीत पडले की मालवणीवर यायचे. पहाटे दुबईहून निघालं की वाटेत पेट्रोल पंपावर इकडचा कडक, दुधाळ करक चहा व्हायचा आणि मग ते पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून डोंगर संपेपर्यंत हिंदीत बडबडत राहायचे. मागे मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पेंगत असायची.

त्यांची एक सवय होती. बोट बोयाला लागली की ते बोटीतला लांब दांडा घेऊन त्याचं टोक बोयाच्या लोखंडाला टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचे. त्यांचे वडील मच्छीमार. होडी थांबवून वल्हं पाण्यात उभं धरायचे आणि त्याला कान लावून खाली ढोमा माशांचा थवा गुरगुरतोय का ते ऐकायचे. काकांनी तेच इथे आणलं होतं. मी चिडवायची, "काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?" ते कान न काढता म्हणायचे, "खोकलो नाय." मला त्याची गंमत वाटायची. माझ्याकडे एवढी महागडी यंत्रं असताना हा माणूस काठीला कान लावतोय, या गंमतीत थोडा तोराही होता, आता कबूल करायला हरकत नाही.

माझा तोरा ज्यावर उभा होता त्या गोष्टीचं नाव झाडू. तो मी लिहिलेला प्रोग्रॅम. आमच्या धंद्यात स्वतःच्या यंत्राचा आवाज म्हणजे कचरा. साखळी प्रत्येक लाटेला टक करून वाजते, आणि त्या टकटकीखाली डॉल्फिनची शीळ दबून जाते. म्हणून आम्ही असे आवाज ओळखून रेकॉर्डिंगमधून काढून टाकतो. जगभर सगळेच काढतात. माझा झाडू इतका चांगला झाला होता की लोखंडावर लोखंड आपटल्याचा कुठलाही छोटा आवाज तो पुसून टाकायचा, आणि मागे उरायचा तो नुसता समुद्र. प्रोजेक्ट हेडनी एकदा मीटिंगमध्ये त्याचं कौतुक केलं तेव्हा मी घरी येऊन श्रीखंड केलं होतं.

मे महिन्यातल्या तपासणीला आम्ही गेलो त्या दिवशी समुद्र जवळजवळ सपाट होता, हलकीशी लाट तेवढी. उन्हाने बोटीचं लोखंड हात लावू देत नव्हतं. काकांनी नेहमीसारखा दांडा टेकवला, पण या खेपेला कान लवकर काढला नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "मॅडम, माका ह्यो आवाज बरो वाटना नाय." आणि दांडा माझ्या हातात दिला.

मी कान लावला. बोया उचलला गेला की टक. तो नेहमीचा. पण त्याच्या मागोमाग आणखी एक लहान आवाज येत होता, टिक, जरा उशिरा, कुठेतरी काहीतरी सैल असल्यासारखा. मला तो स्पष्ट ऐकू आला. पुढे जे काही झालं त्यात मी स्वतःशी पुष्कळ सारवासारव केली, पण हे एक वाक्य मला कधी बदलता आलं नाही.

काका म्हणाले, शॅकल बंद ठेवणारी पिन झिजली असावी, डायव्हर खाली पाठवून बघू. डायव्हरचा दिवस त्या महिन्याच्या बजेटमध्ये नव्हता. पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्याची बैठक होती आणि तो टप्पा मंजूर झाला नसता तर माझी नोकरी संपत होती. मी टॅब्लेट उघडून त्यांना आदल्या दिवशीचा आलेख दाखवला. सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. म्हटलं, काका, बघा, डेटामध्ये काहीच नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं. त्या रेषांतलं त्यांना किती कळत होतं मला माहीत नाही, पण मॅडम शिकलेल्या आहेत यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

तो आलेख झाडू मारून झाल्यानंतरचा होता. त्यात टकटक दिसणं शक्यच नव्हतं. हे मला तेव्हा आठवलं का, असं मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. आठवलं होतं. ऊन फार होतं, डोकं दुखत होतं, मूळ रेकॉर्डिंग उद्या ऑफिसात बघू असं मनात म्हटलं आणि उद्या बघितलं नाही.

तपासणीच्या कागदावर खाली शेऱ्याचा रकाना असतो. काकांनी पेन काढून विचारलं, आवाज येतो एवढं लिहू का? मी म्हटलं, "राहू दे काका. शेरा लिहिला की वरून दहा प्रश्न येतात. पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंग आहेच, तेव्हा बघू." त्यांनी माझ्याकडे बघितलं, रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली. परत येताना ते ड्रायव्हरशी बोलले नाहीत. मी कानाला इयरफोन लावून झोपले.

दुसरा टप्पा मंजूर झाला. जूनमध्ये दूर अरबी समुद्रात वादळ झालं; ते आमच्याकडे आलं नाही, पण त्याच्या लाटा आल्या. दोन दिवस बोया वेड्यासारखा नाचला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सिग्नल जागेवरून हललेला दिसला. दुपारी तो किनाऱ्याच्या खडकांवर सापडला, पोट फाटलेला. कोणाला लागलं नाही, नशीब. डायव्हर खाली गेला तेव्हा साखळी तळाशी जशीच्या तशी होती. वरच्या शॅकलची पिन नव्हती.

चौकशीची मीटिंग पुढच्या सोमवारी झाली. टेबलाच्या एका बाजूला आमचे हेड आणि वरून आलेले दोन साहेब, दुसऱ्या बाजूला मी आणि काका. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. पडद्यावर तपासणीचा कागद लावला. काकांची सही, वरती कोरा रकाना. एका साहेबांनी विचारलं की तीन आठवड्यांपूर्वी माणूस तिथे जाऊन आला आणि त्याला काहीच दिसलं नाही, हे कसं? मग हेड माझ्याकडे वळले. "मॅडम, अकूस्टिक्स में कुछ आया था?"

मी म्हटलं, "नो सर. द डेटा वॉज क्लीन."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी असंच वाक्य निवडलं होतं, आदल्या दिवशी, भांडी घासताना. मग पडद्यावर माझा आलेख लागला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. यंत्राने काही सांगितलं नाही म्हणजे माणसाच्या डोळ्यांनी सांगायला हवं होतं, असा हिशोब झाला. दुसरे साहेब हळू आवाजात म्हणाले की वयाप्रमाणे नजर जाते, त्यात कोणाचा दोष नाही. काकांची नजर. त्यांनी तर ते कानाने पकडलं होतं. हेडनी त्यांना विचारलं, "आपको कुछ बोलना है?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. मग ते म्हणाले, "नहीं साहब."

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट तसंही वर्षअखेरीला संपणार होतं, ते लगेच संपवलं. कागदावर कारण लिहिलं ते तपासणीतल्या निष्काळजीपणाचं. पंचवीस वर्षांनंतर.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, जवळजवळ. दांड्याला मी कान लावला होता ते सांगितलं नाही. सांगितलं ते असं की काकांना शंका होती, मी लक्ष दिलं नाही, आणि मीटिंगमध्ये त्यांनी माझं नावही घेतलं नाही. नवरा म्हणाला, "तू बोलली असतीस तरी काय झालं असतं? दोघांनाही काढलं असतं. जाऊ दे." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. मी म्हटलं, "किती मोठ्या मनाचा माणूस बघ. माझ्यासाठी गप्प बसला." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे मी ते आणखी दोन मैत्रिणींना सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणीही यायचं.

काका गावी जायच्या आधीच्या शुक्रवारी मी देराला त्यांच्या खोलीवर गेले. सोबत मिठाईचा बॉक्स आणि त्यांच्या बायकोसाठी साडी. खोलीतले बाकीचे बाहेर गेले होते. काकांनी पलंगावरची चादर नीट करून मला बसायला दिलं आणि स्वतः खोक्याला दोर बांधत राहिले. इतक्या सुंदर गाठी मी कधी बघितल्या नाहीत. मी म्हटलं, गावी काय करणार? म्हणाले, बघू, मुलगा जहाजावर असतो, तो सध्या घरी आहे, होडी दुरुस्त करायची आहे. मी म्हटलं, काही लागलं तर सांगा. त्यांनी हातातला दोर थांबवला आणि माझ्याकडे बघत राहिले, मी अजून काही म्हणेन असं वाटून बघावं तसे. मी साडीचा रंग बदलून मिळेल म्हणून सांगितलं, पावती आत आहे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दोर ओढला.

मूळ रेकॉर्डिंग मी काका गेल्यावर ऐकलं. आधी वेळ नव्हता, असं मी म्हणत असे. आधी धीर नव्हता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, हेडफोन लावून, झाडू न मारलेली फाइल. तपासणीच्या दोन आठवडे आधीपासून टकनंतर टिक होती. मग टिक मोठी झाली. शेवटच्या दिवसांत दोन आवाज वेगळे राहिलेच नाहीत, लोखंड लोखंडावर घासत फिरत होतं. एखादं माणूस दार ठोठावतंय आणि आतल्यांनी टीव्हीचा आवाज वाढवलाय, तसं वाटलं. मी फाइल शेवटपर्यंत ऐकली. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंडावर टॉवेल धरून, कारण शेजारच्या क्युबिकलमध्ये आवाज जातो.

दुसऱ्या दिवशी हेडकडे गेले. त्यांना फाइल ऐकवली, झाडूचं सांगितलं, आणि अडखळत का होईना, काकांनी शेरा लिहायचा म्हटलं होतं आणि मी नको म्हटलं हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रिपोर्ट क्लोज़ हो गया, मॅडम. खलास. वो तो वैसे भी रिटायर होनेवाले थे ना." वाईट माणूस नाहीत ते. त्यांनी खुर्चीतून उठून मला पाणी दिलं. मी लेखी टिपण दिलं ते त्यांनी रिपोर्टला जोडलं, पण जोडताना कापून दोन ओळींचं केलं: आवाज गाळण्याच्या पद्धतीचा फेरविचार करावा. त्यात काका नव्हते. मीही नव्हते. माझा झाडू होता फक्त, आणि तो सुधारायचं काम अर्थात मलाच मिळालं.

मग मी काकांना पत्र लिहिलं. हाताने, मराठीत, कितीतरी वर्षांनी. लिहिलं की रेकॉर्डिंगमध्ये आवाज सापडला आहे, तुम्ही म्हणत होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं, तुमच्या नजरेत किंवा कामात काही खोट नव्हती. ऑफिसने हे मान्य करून घेतलं नाही पण मी लिहून देते. खाली सही केली, पदासकट. त्याचा फोटो काढून त्यांच्या मुलाच्या नंबरवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर मला वाटलं, फिटलं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी ऊद मेथाला मुलीच्या शाळेबाहेर गाडीत बसले होते. काकांचा आवाज मोकळा वाटला, मागे कोंबड्या ओरडत होत्या. म्हणाले, पत्र मुलाने वाचून दाखवलं, बायको रडली, मुलाने त्याची प्रिंट काढून आणली. बरं केलंत मॅडम, गावात लोक विचारायचे. मी म्हटलं, काका, ते मी आधीच करायला हवं होतं.

मग म्हणाले, "पोरगा विचारत होता. बाबा, तुमची चूक नव्हती तर मग कोणाची? पत्रात ते नाही." थांबले. "मी सांगितलं, दर्याची. बरोबर ना?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. त्यांनी वाट करून दिली होती. शाळा सुटायला पाच मिनिटं होती, समोर बसगाड्यांची रांग लागली होती, आणि मी स्टिअरिंग धरून बसले होते. मी म्हटलं, "नाही काका. माझी. त्या दिवशी बोटीत मला आवाज ऐकू आला होता."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुमचं तोंड बघितलं होतं मी."

मग मी तेच म्हटलं जे इतके दिवस सगळ्यांना सांगत होते. म्हटलं, ठाऊक असून तुम्ही मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं नाहीत, माझ्यासाठी गप्प बसलात, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

"तुमच्यासाठी नाही, मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी वाट बघत होतो. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

पुढे त्यांनी साडी बायकोला आवडल्याचं सांगितलं, मुलीला आशीर्वाद सांगितले, आणि होडीला रंग द्यायचा राहिलाय म्हणून फोन ठेवला.